पुणे ते सावंतवाडी, गाडी एकटीने चालवायची, मागे दोन लहान मुलं: सल्ला हवा

कोथरूडची_आई: दिवाळीच्या सुट्टीत माहेरी सावंतवाडीला जायचंय. गाडी मीच चालवणार, सोबत मोठं कुणी नाही. मुलगा साडेतीन वर्षांचा, मुलगी १४ महिन्यांची, अजून अंगावर पिते. गाडी हॅचबॅक, मागे दोन्ही बाजूंना आयसोफिक्स (मुलांची कार सीट अडकवायचे हुक) आहे. कोल्हापूर-आजरा-आंबोली हा रस्ता धरणार आहे. एका दिवसात होईल का? कोणती सीट कुठे लावू? खाणंपिणं, शू-शी कसं सांभाळू?

घाटवाट: एका दिवसात नको. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या वर आहे. मोठी माणसं आठ तासांत पोचतात, पण एवढ्या लहान बाळाला सलग दोन तासांपेक्षा जास्त सीटमध्ये ठेवू नये. दोघांचं सगळं एकटीने करायचं म्हणजे प्रत्येक थांबा किमान अर्ध्या तासाचा. तेवढ्यात संध्याकाळ होते आणि आंबोलीचा घाट अंधारात, धुक्यात उतरायची वेळ येते. कोल्हापुरात मुक्काम कराच.

पहाटे साडेपाचला निघा. मुलं झोपेतच सीटमध्ये बसतात आणि खंबाटकी घाट गर्दीच्या आधी पार होतो. दिवाळीच्या तोंडावरचा शुक्रवार-शनिवार टाळा, खंबाटकीत गाडी अडकली की बाळाला बाहेर काढायलाही जागा मिळत नाही. पहिला थांबा साताऱ्याजवळ, दुसरा कराडला. दुपारी बाराच्या आत कोल्हापूर येतं. साताऱ्याच्या पुढे सहापदरीकरणाच्या कामामुळे वळणरस्ते लागतात, तिथे घाई नको. दुसऱ्या दिवशी आठला निघून संकेश्वर, गडहिंग्लज करत आजऱ्याला थांबा. तिथून पुढे आंबोली आणि मग सावंतवाडीपर्यंतचा ३० किलोमीटरचा उतार. तो खालच्या गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेक दाबत राहिलात तर ब्रेक तापून त्यांची पकड कमी होते.

पाच_पट्टे: धाकटीची सीट मागच्या बाजूला तोंड करून, डाव्या दाराशी. डावीकडे असली की तिला रहदारीपासून दूर, रस्त्याच्या कडेला उतरवता येतं. थोरला उजवीकडे, पुढे तोंड करून, पाच पट्ट्यांच्या सीटमध्ये. त्याच्या सीटचा वरचा टेदर पट्टा मागच्या हुकात अडकवायला बरेच जण विसरतात. तो नसला तर धडकेत डोकं फार पुढे जातं. पुढच्या सीटवर, चालू एअरबॅगसमोर, मागे तोंड केलेली सीट कधीच नाही.

लावून झाल्यावर सीट जिथे अडकवली आहे तिथे धरून हलवून पाहा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर ती पक्की बसलेली नाही. पट्टे आवळल्यावर खांद्याजवळचा पट्टा चिमटीत धरा. चिमटीत आला तर सैल आहे. पहाटेच्या गारठ्यात स्वेटर घालून पट्टे आवळू नका, स्वेटर दबला की पट्टा ढिला पडतो. पांघरूण पट्ट्यांच्या वरून घाला.

दूधभात: सगळ्यात महत्त्वाचं: गाडी चालू असताना कुणालाही खायला देऊ नका. मागे तोंड करून बसलेल्या बाळाच्या घशात घास अडकला तर आवाज येत नाही, आणि स्टिअरिंगवरून तुम्हाला ते दिसणारही नाही. खाणं आणि अंगावर पाजणं फक्त थांब्यावर, बाळाला सीटमधून काढून. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, गोल द्राक्षं डब्यात ठेवूच नका. मऊ इडली, केळं, दहीभात, थोरल्याला तूप लावलेली पोळी पुरे. साध्या दुधाचे छोटे टेट्रापॅक घ्या. फोडेपर्यंत ते फ्रीजबाहेर टिकतात, फोडलं की उरलेलं टाकून द्या.

घाटाआधी तासभर पोटभर दूध नको. या वयात गाडी लागणं थोरल्याला जास्त संभवतं. त्याला मोबाईल, चित्रांचं पुस्तक देऊ नका, समोर लांब बघायला सांगा. छातीवर, पट्ट्यांच्या वरून, जुना टॉवेल पसरा. उलटी झाली की तो गुंडाळून पिशवीत जातो आणि बकलमध्ये घाण शिरत नाही. मुलं झोपावी म्हणून सर्दीचं औषध पाजायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. क्लोरफेनिरामिन-फिनाइलएफ्रिनची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत असं सरकारी निर्देशात आहे.

डायपर दर दोन तासांना एक, वर चार जादा. थोरल्यासाठी डिकीत पॉटी ठेवा आणि तिच्यात एक उघडा डायपर अंथरा. शू त्यात शोषली जाते, धुवायला पाणी शोधावं लागत नाही.

कोथरूडची_आई: खूप उपयोग झाला. मला स्वतःला स्वच्छतागृहात जायचं असेल तेव्हा? आणि मध्येच दोघं रडायला लागली तर?

घाटवाट: "दोनच मिनिटं" म्हणूनही मुलांना गाडीत ठेवू नका. उन्हात बंद गाडीचं तापमान दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी वाढतं. बेबी कॅरिअर घ्या. उतरताना आधी धाकटी कॅरिअरमध्ये, मग थोरला डाव्या दारातून, हात धरून. बसताना उलट: थोरला पट्ट्यात अडकला की मग धाकटी. किल्ली कायम कमरेच्या पाऊचमध्ये, सीटवर कधीच नाही. पेट्रोल आदल्या दिवशी भरा, फास्टॅगमध्ये पैसे आहेत का बघा. कोल्हापूरपर्यंत खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी हे टोलनाके लागतात.

रडणं सुरू झालं तर मागे हात घालायचा नाही. पडलेली बाटली उचलायला वळणंसुद्धा नाही. पुढचा पेट्रोलपंप किंवा ढाबा गाठा, आत गाडी लावा, मग बघा. महामार्गाच्या कडेला थांबायचं नाही. गाडी बंदच पडली तर डावीकडे घ्या, धोक्याचे दिवे लावा, दोघांनाही डाव्या दारातून काढून कठड्यापलीकडे न्या आणि १०३३ या महामार्ग मदत क्रमांकाला फोन करा. जवळचा किलोमीटरचा दगड बघून सांगा, मदत लवकर पोचते.

पाच_पट्टे: मागच्या दोन्ही दारांचे चाइल्ड लॉक लावून, दार आतून उघडतंय का ते स्वतः मागे बसून बघा. काचांचं बटण ड्रायव्हरच्या दारावरून बंद करा. ऊन लागलेल्या जागी गाडी लावली असेल तर बसवण्याआधी बकलच्या धातूला हात लावून बघा, मांडीला चटका बसतो. बाळाचा चेहरा दिसावा म्हणून मागे लावायचा आरसा हलका आणि पट्ट्याने घट्ट बांधलेला हवा, नुसता चिकटवलेला नको. आणि दोन्ही सीट आठवडाभर आधी लावून मुलांना शहरातच बसायची सवय करा. नव्या सीटमध्ये पहिल्यांदा बसलेलं मूल खेड शिवापूरच्या आतच पट्ट्यातून हात काढायला बघतं.