मदत हवी आहे: इंपीरियल बँकेचं जुनं शेअर सर्टिफिकेट

मंडळी, आमचे पणजोबा शाहूपुरीत गुळाचे अडते होते. त्यांच्या ट्रंकेत इंपीरियल बँक ऑफ इंडियाचं शेअर सर्टिफिकेट सापडलंय. कडेला कसर लागलीय, मागं मोडीत सही आहे.

चुलतभाऊ म्हणतोय, आता स्टेट बँकेचे शेअर मिळणार, लखपती झालो! मला नाही पटत. माझ्या वाचनाप्रमाणे १ जुलै १९५५ ला इंपीरियलची स्टेट बँक झाली, तेव्हा सगळे शेअर रिझर्व्ह बँकेकडे गेले आणि भागधारकांना भरपाई ठरली. पुढं २००७ मध्ये रिझर्व्ह बँकेचा हिस्सा केंद्र सरकारनं घेतला.

मग पणजोबांनी भरपाई उचलली की नाही, हे आता कुठं कळेल? अर्ज कुणाकडं करायचा? एजंट नको, अनुभव असलेल्यांनीच सांगा.