‘सति’ला मराठीत काय म्हणावं?

प्रस्ताव (नाशिकहून)

इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यना ध्यानाचं दहा दिवसांचं मौन शिबिर करून घरी आले, त्या संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, “दहा दिवस तोंडाला कुलूप लावून तिथं केलंस तरी काय?” मी म्हटलं, “सजग राहायला शिकले.” त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे जागरण?”

त्यांचं काही चुकलं नाही. पंच्याहत्तर वर्षं मराठी बोललेल्या बाईला जो शब्द कळत नाही, तो मी घरात वापरला. आता आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळातल्या बायका मागे लागल्या आहेत की आम्हालाही सांग. बसायला त्यांना दिवसातून दहा मिनिटं मिळाली तरी खूप. बाकीचा वेळ भांडी, भाजी, नातवंडं, रेशनची रांग. म्हणून मला त्यांच्यासाठी एक पानभर मजकूर लिहायचा आहे आणि पहिल्याच ओळीत अडले आहे. बुद्धांच्या ध्यानात गाभ्याचा असलेला पालीतला ‘सति’ (इंग्रजीत ‘माइंडफुलनेस’) मराठीत कसा आणू? (‘सति’ तसाच ठेवता येत नाही. मराठी माणसाला त्यातून चितेवरची सतीच दिसणार.)

जे शब्द सुचले ते सगळे थोडे थोडे चावून पाहिले. ‘सजगता’ विपश्यनेच्या हिंदी प्रवचनांत सतत येतो, तिथूनच आपल्याकडे रुळला असं मला वाटतं. पण “अगं, जरा सजग हो” असं कोणी कोणाला म्हणत नाही. ‘जागरूकता’ म्हटलं की मतदार आणि ग्राहक आठवतात. ‘सावधान’ कवायतीत आणि मंगलाष्टकांत ऐकलेला, ऐकताच अंग ताठ होतं. ‘साक्षीभाव’ मला आवडायचा, पण त्यात आत कोणीतरी वेगळा साक्षी बसलेला गृहीत धरलाय आणि बुद्धांची शिकवण तर असा वेगळा कोणी हाती लागत नाही अशी आहे. ‘अवधान’ फार सुंदर. ज्ञानदेव नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला श्रोत्यांकडे तेवढं एकच मागतात. पण आज बोलण्यात उरलंय ते फक्त ‘अनवधानाने’. मूळ शब्द गेला, त्याचा अभाव तेवढा राहिला.

मनाला सगळ्यात जवळचा ‘भान’. तोच घेऊ का?

पुण्याहून, पालीची विद्यार्थिनी

ताई, भान चांगला आहे, पण तो सतिचा नाही. सति म्हणजे संस्कृतातली स्मृती. क्रियापद ‘सरति’, म्हणजे आठवतो. संयुत्तनिकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात सतिची व्याख्या येते तिथं आजच्या क्षणाचा उल्लेखही नाही. फार पूर्वी केलेलं, फार पूर्वी बोललेलं जो आठवू शकतो तो सतिमान, असं म्हटलंय: ‘चिरकतम्पि चिरभासितम्पि सरिता अनुस्सरिता’. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी गोंधळून गेले होते, कारण तोवर मीही ‘वर्तमानात जगणं’ एवढंच शिकले होते.

मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात राजा मिलिंद भिक्खू नागसेनांना विचारतो की सतिचं लक्षण काय. नागसेन चक्रवर्ती राजाच्या भांडाऱ्याची उपमा देतात. हा भांडारी राजाला सकाळ-संध्याकाळ सांगतो की महाराज, आपले इतके हत्ती, इतके घोडे, इतके रथ, इतकं पायदळ, इतकं सोनं. आणि शेवटी म्हणतो, ‘तं देवो सरतु’. ते महाराजांनी स्मरावं. सति हे काम करते. आपल्याजवळ काय आहे, हिताचं काय, अहिताचं काय, हे ती मनापुढे आणून ठेवते.

मग यातलं आठवणं गळलं कुठे? टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये सतिसाठी ‘माइंडफुलनेस’ हा इंग्रजी शब्द वापरला. त्या शब्दात तेव्हा ‘मनात ठेवणं’ हा अर्थ शिल्लक होता. पुढे १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात तणाव आणि जुनाट दुखण्यांसाठी एक कार्यक्रम सुरू केला आणि तो शब्द जगभर गेला. दुखणाऱ्या माणसांना त्याचा आधार मिळाला, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण या प्रवासात अर्थ ‘आत्ताच्या क्षणाची जाणीव’ असा झाला आणि आपण मराठीत भाषांतर केलं ते त्या इंग्रजीचं. पाली आपल्या उंबऱ्यावर असताना आपण साता समुद्रापलीकडून फेरी मारून आलो, याचं मला वाईट वाटतं.

गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी मराठीत बौद्ध ग्रंथांविषयी लिहिलं तेव्हा ‘सम्यक् स्मृति’ असाच शब्द ठेवला होता.

नागपूरहून

जय भीम. सम्यक स्मृती हा शब्द आमच्याकडे लहान पोरालाही पाठ आहे, अष्टांगिक मार्ग म्हणताना सातवा येतो. पण पाठ असणं वेगळं आणि पोचणं वेगळं. ‘स्मृती’ म्हटलं की आमच्या घरात आधी महाड आठवतं, २५ डिसेंबर १९२७, जी बाबासाहेबांनी जाळली ती. नाहीतर मग स्मृतिदिन, म्हणजे गेलेल्या माणसाचा. त्यामुळे भांडी घासताना स्मृती ठेवा म्हटलं तर माझी आई पण बुचकळ्यात पडेल.

मला दुसरीकडून सुचवायचं आहे. आपण पंचशील म्हणतो त्यातलं पाचवं घ्या. ‘सुरामेरयमज्जपमादट्ठाना वेरमणी’. सगळे त्याचा अर्थ ‘दारू पिणार नाही’ एवढाच सांगतात, आणि आमच्या वस्त्यांत तेवढा अर्थसुद्धा किती घरं वाचवून गेला ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण शब्द नीट बघा, ‘पमादट्ठान’. दारू का नको, तर ती पमादाची जागा आहे. पमाद म्हणजे गाफीलपणा. आजच्या मराठीत ‘प्रमाद’ म्हणजे चूक, अपराध असा अर्थ झालाय. मूळ अर्थ चुकीच्या आधीचा आहे, ज्या बेसावधपणातून चूक होते तो. महापरिनिब्बान सुत्तात भगवंतांचे शेवटचे शब्द आहेत ‘अप्पमादेन सम्पादेथ’, म्हणजे गाफील न राहता साध्य करा. त्या अप्पमादाचा आणि सतिचा अर्थ एकमेकांना फार जवळचा आहे.

म्हणून मी म्हणतो, सति काय ते थेट सांगता येत नसेल तर ती नसते तेव्हा काय होतं ते सांगा. दारूचा गुत्ता ही एक पमादाची जागा झाली. आता रात्री अंथरुणातला मोबाईल ही दुसरी. माझ्यासाठी तिसरी म्हणजे रागात असताना व्हॉट्सअपला दिलेलं उत्तर. ‘पमादाची जागा’ हा शब्दप्रयोग मला रोज उपयोगी पडतो. पाऊल टाकण्याआधी जागा ओळखता येते.

एक शिक्षक, जिल्हा परिषद शाळा

शाळेत मुलांकडून आनापान (श्वास पाहण्याचं ध्यान) करून घेतो, त्यावरून अनुभव सांगतो. सुरुवातीला मी म्हणायचो, “श्वासावर लक्ष ठेवा.” अर्धी पोरं श्वास रोखून धरायची, काही कपाळाला आठ्या घालायची. मग लक्षात आलं की मराठीत ‘लक्ष ठेवणं’ म्हणजे पाळत. चोरावर, उनाड पोरावर, शेतात राखणीला. डोळ्यांत तेल घालून. पुढे “श्वासाकडे लक्ष असू द्या” म्हणायला लागलो तर खांदे खाली आले. एक क्रियापद बदललं इतकंच.

‘लक्ष’ या शब्दाकडे जाणकारांनी पाहावं. लक्ष देणं, लक्ष असणं, लक्ष वेधणं हे सगळं एका बाजूला. आणि लक्षात येणं, लक्षात ठेवणं, लक्षात राहणं दुसऱ्या बाजूला. पहिल्यात अवधान आहे, दुसऱ्यात आठवण.

पुण्याहून, पालीची विद्यार्थिनी

सर, हे वाचून मी वही मिटून बसले! इंग्रजीला ज्यासाठी दोन वेगळे शब्द लागतात आणि सतिमध्ये आठवण की अवधान यावर विद्वानांचे वाद होतात, ते दोन्ही मराठीत एकाच शब्दाच्या पोटात आहे, फक्त ‘त’ लागतो की नाही एवढाच फरक. आणि ‘दुर्लक्ष’ म्हणजे नागपूरच्या दादांचा पमाद.

प्रस्तावक, नाशिक

काल सकाळची गोष्ट. मी या उत्तरांवर विचार करत ओट्याशी उभी होते. सासूबाई देवपूजेला जाता जाता म्हणाल्या, “दूध ठेवलंय गं, लक्षात असू दे.”

रोज म्हणतात. काल पहिल्यांदा ऐकलं.

तुमचा भांडारी राजाला ‘तं देवो सरतु’ म्हणतो त्याचं याहून चांगलं मराठी मला सुचणार नाही. महाराज, लक्षात असू द्या. मी तिथंच उभं राहून दुधाकडे पाहिलं. साय सुरकुतते, कडेनं बारीक बुडबुडे येतात, मग मधून एक फुगवटा उठतो. चौथ्या-पाचव्या बुडबुड्यापर्यंत माझं मन दुपारच्या गॅस सिलिंडरवर गेलं होतं. परत आणलं. पुन्हा गेलं. दूध उतू गेलं नाही, पण मी तीनदा उतू गेले होते.

ठाण्याहून

एक शंका, आणि ती मनापासून आहे. “दूध लक्षात असू दे” यात दूध नजरेआड आहे, म्हणून आठवायचं. श्वास तर इथंच आहे, आत्ता. समोर असलेली गोष्ट ‘लक्षात ठेवायची’ म्हणजे काय?

पुण्याहून, पालीची विद्यार्थिनी

हीच शंका मलाही होती. बसून पाहिल्यावर सुटली. श्वास समोर असतो, पण आपण त्याला पाहायला बसलो आहोत हे विसरायला होतं. दोन मिनिटांनी आपण कुठल्या तरी लग्नात असतो. तिथून परत आणते ती आठवण: अरे, आपण श्वास पाहत होतो. सति कशी राखावी ते सांगणाऱ्या सतिपट्ठान सुत्तात ‘सतोव अस्ससति, सतोव पस्ससति’ म्हटलंय. सति राखूनच आत घेतो, सति राखूनच बाहेर सोडतो.

आता ताईंच्या ‘भान’कडे येते, कारण त्यालाही जागा आहे. त्याच सुत्तात सतिच्या बरोबर दुसरा शब्द येतो, ‘सम्पजञ्ञ’. चालताना ‘चालतोय’ हे नीट ठाऊक असणं. पुढे जाताना, मागे वळताना, हात आखडताना, पसरताना, खाताना, पिताना, चावताना, चाखताना, अगदी शौचाला बसतानाही ‘सम्पजानकारी’ असावं असं सांगितलंय. यादीतलं एकही काम देवघरातलं नाही. रोजच्या जगण्यात ध्यान आणणं ही आजची सोय आहे असं समजणाऱ्यांनी ही यादी वाचावी. या सम्पजञ्ञाला माझ्या मते ‘भान’ अगदी बसतो. सति म्हणजे लक्षात असणं, सम्पजञ्ञ म्हणजे करताना भान असणं.

पंढरपूरहून

भजनी मंडळातल्या बायकांना सांगणार आहात म्हणून एक सांगावंसं वाटतं. आमच्याकडे ‘देहभान हरपलं’ हे कौतुक आहे. कीर्तनात देहभान उरलं नाही म्हणजे भक्ती पोचली. तुमच्या वाटेवर तर पहिलीच पायरी शरीराचं भान. त्या गोंधळतील. दोन्ही एकच आहे असं सांगून त्यांची समजूत घालू नका, ते खरं नाही. त्यापेक्षा नामस्मरणाची सवय त्यांच्याजवळ आहे ती कामी येईल. दळता-कांडता नाम घ्यायचं, सुटलं की पुन्हा धरायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. स्मरण आणि सति एकाच धातूतले. धरायचं काय ते निराळं, पण सुटलेलं पुन्हा धरायची रीत ओळखीची आहे.

नागपूरहून

पटलं. फक्त ‘सम्यक’ सोडू नका. खिसेकापूचंही लक्ष असतं, तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त. बुद्धवचनात ‘मिच्छा सति’, म्हणजे चुकीची सति, हा शब्दही आहे. हिताचं काय आणि अहिताचं काय तेही लक्षात हवं, भांडाऱ्याच्या गोष्टीतही ते आहेच. नाहीतर कामाच्या ठिकाणी माणसाकडून आणखी दोन तास काढून घ्यायला हे शिकवतील आणि शिकवणारे त्यालाही ध्यानच म्हणतील.

प्रस्तावक, नाशिक

सगळ्यांचे आभार. पानाचा मसुदा टाकते, मोकळेपणाने दुरुस्त करा.

“श्वास आत येतोय, बाहेर जातोय, एवढं लक्षात असू द्या. विसरलात तर विसरलात. आठवलं की पुन्हा त्याच्याकडे या. उठल्यावर भांडी घासाल तेव्हा पाण्याचा गारवा, घासणीचा खरखरीतपणा, हाताची हालचाल यांचं भान राहू द्या. कोणावर राग आला तर छातीत काय होतंय ते आधी पाहा, उत्तर मग द्या. आपल्याला कुणाचं मन दुखवायचं नाही, हेही लक्षात असू द्या.”

सुत्तातली तेलाच्या भांड्याची गोष्टही घालणार आहे. काठोकाठ तेलानं भरलेलं भांडं घेऊन एकाला गर्दीतून चालायचंय, बाजूला सर्वांत देखणी स्त्री नाचते-गाते आहे आणि मागे तलवार उपसलेला माणूस, थेंब सांडला तर शिर उडवणार. ते भांडं म्हणजे शरीराची सति. तलवार मात्र काढून टाकावीशी वाटते. आमच्या बायकांनी डोक्यावर भरलेला हंडा घेऊन गप्पा मारत टेकाडं चढलेली आहेत. एका थेंबासाठी त्यांना धाक लागत नाही.

पुण्याहून, पालीची विद्यार्थिनी

तलवार काढलीत तरी ‘सुत्तात तलवार आहे’ एवढं कंसात लिहा, मूळ गोष्ट बदलली असं नको. हंडा ठेवाच.

एक अडचण राहते. सुत्तात साधकाला ‘आतापी सम्पजानो सतिमा’ अशी विशेषणं आहेत. आतापी म्हणजे नेटानं करणारा, सम्पजानो म्हणजे भान असलेला. ‘सतिमा’ला ‘लक्षात असणं’वरून विशेषण कसं करणार?

प्रस्तावक, नाशिक

होत नाही. ‘लक्षवान’ करून पाहिलं, घरात म्हणून दाखवलं, कोणालाच कळलं नाही. ‘जिच्या लक्षात आहे ती’ असंच लिहिते. लांब झालं तरी चालेल. सासूबाईंना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी मधे विचारलं नाही.