‘सहा बाय आठच्या न्हाणीघरातही स्लिपर टब सहज बसतो’ या विधानाविषयी

कंदीपेढा (सातारा)
मागच्या आठवड्यात या चर्चामंचावर एका सदस्याने ठणकावून लिहिले होते की, ‘सहा बाय आठच्या न्हाणीघरातही मोकळा स्लिपर टब सहज बसतो, भिंतीला चिकटलेल्या टबाचे दिवस गेले, उगाच हिशेब करत बसू नका.’ ते वाचून मी दोन दिवस गप्प बसले. पण त्याखाली ‘आम्हीही घेतोय’ अशी उत्तरे दिसू लागली, तेव्हा हे लांबण लावणे भाग पडले.

स्लिपर टब म्हणजे एका टोकाला उंच पाठ असलेला आंघोळीचा टब, आणि मोकळा म्हणजे भिंतीत न बसवता सुटा ठेवलेला. सहा बाय आठ फूट म्हणजे १८३ बाय २४४ सेंटिमीटर. नेहमीचा स्लिपर टब १७० लांब आणि ७५ रुंद असतो. तो आठ फुटी भिंतीलगत ठेवला आणि मागे हात जाईल एवढी पंधरा सेंटिमीटरची फट सोडली, तर ९३ सेंटिमीटरची पट्टी उरते, आणि त्याच पट्टीत कमोड, बेसिन आणि उघडणारे दार या तिघांना नांदायचे असते. ‘सहज’ हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला होता, ते मला समजलेले नाही.

माझे न्हाणीघर यापेक्षा मोठे आहे, तरीही मी फसले. मी आधी फरशी घातली आणि नंतर टब निवडला. भिंतीतल्या टबाला सांडपाण्याची जागा दोन इंच इकडेतिकडे झाली तरी खपते, मोकळ्या टबाला खपत नाही; आमच्याकडे टबाचे भोक आणि जमिनीतला पाइप यांची चुकामूक झाली आणि नवी कोरी फरशी फोडावी लागली. त्यावर कडी म्हणजे भिंतीतून काढलेल्या नळाची चोच टबाच्या काठापर्यंतच पोहोचत होती, त्यामुळे पहिल्या दिवशी निम्मे पाणी काठावर आपटून बाहेर सांडत होते आणि प्लंबर ‘ताई, धार जरा बारीक ठेवा’ असा उपाय सुचवत उभा होता. नळ जमिनीतून उभा काढायचा असेल, तर त्याचा पाइप फरशीच्या आधी टाकावा लागतो, हे मला कोणीही सांगितले नाही.

हळदबाजार (सांगली)
ते विधान माझेच आहे आणि मी ते मागे घेणार नाही. ताई, आपण चुकीच्या क्रमाने काम केलेत, याचा दोष टबाच्या आकाराला कसा देता? माझ्या पाठीचा मणका गेली सहा वर्षे त्रास देतो आहे. सपाट टबात मान कुठेच टेकत नाही, स्लिपरच्या उंच बाजूला मात्र पाठ आणि मान दोन्ही टेकतात, आणि हे सुख कोष्टक मांडून कळणारे नाही. शिवाय मी १७० चा नव्हे, १५० चा अॅक्रिलिकचा टब घेतला आहे. तो दोन माणसांनी हसतखेळत वर आणला.

कंदीपेढा
मग मूळ विधानात १५० लिहायला हवे होते. तेवढा वीस सेंटिमीटरचा मुद्दा मी मान्य करते, आणि नाइलाजाने आणखी एक गोष्ट मान्य करते: माझी उंची पाच फूट आहे, त्यामुळे १७० च्या टबात माझे पाय समोरच्या टोकाला पोहोचत नाहीत, मी हळूहळू खाली घसरत जाते आणि ती उंच पाठ माझ्या डोक्याच्या मागे शोभेला उरते. बुटक्या माणसाने लांब टब घेऊ नये. मात्र दुकानात चपला काढून टबात बसून पाहण्याचा संकोच सगळ्यांनाच वाटतो.

चुनाविटा (कराड)
वजनाचा विषय कोणीच काढलेला नाही, याचे आश्चर्य वाटते. बिडाचा टब दीडशे किलोचा, त्यात दोनशे लीटर पाणी आणि पंचाहत्तर किलोचा माणूस, म्हणजे सव्वाचारशे किलो झाले. टबाखालच्या जागेवर हा भार प्रति चौरस मीटर तीनशे किलोंच्या वर जातो, आणि आय. एस. ८७५ या इमारतींवरील भारांच्या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात घरातील न्हाणीघरासाठी धरलेला भार सुमारे दोनशे किलो आहे.

हळदबाजार
साहेब, तो भार सबंध खोलीवर धरतात. सहा बाय आठची खोली साडेचार चौरस मीटरची होते, तिथे नऊशे किलोंपर्यंत हिशेब जातो. मग सव्वाचारशेला घाबरायचे कशाला?

चुनाविटा
हिशेब बरोबर आहे; कोणीतरी नियम वाचून आले, याचा आनंद आहे. परंतु पायांवर उभा राहणारा टब तो भार चार बिंदूंवर टाकतो. खाली संकन स्लॅबमध्ये, म्हणजे पाइपांसाठी मुद्दाम खोल ठेवलेल्या स्लॅबमध्ये, विटांचे तुकडे घाईने भरलेले असतील, तर स्लॅबला काही होणार नाही, पण फरशी बसेल आणि पाइपचा सांधा निखळेल. जुन्या वाड्याच्या लाकडी माळ्यावर तर हा विचारही करू नये.

हौसेचंमोल (सातारा)
गरम पाण्याचे काय? टब दीडशे लीटर भरायचा आणि पाणी ४० अंशांचे हवे. थंडीत टाकीतले पाणी २० अंशांचे धरले, तर ६० अंशांचे पंचाहत्तर लीटर लागते. पंचवीस लीटरचा गीझर तीनदा तापवायचा, दोन किलोवॉटच्या कॉइलवर पावणेदोन तास थांबायचे आणि साडेतीन युनिटे जाळायची. तोवर पहिले पाणी निवते. आमच्या आजोळी तांब्याचा बंब होता, घंगाळात विसण घालून…

कंदीपेढा
बंबावर वेगळा धागा काढा, ही नम्र विनंती. आकडे मात्र बरोबर आहेत. सौर हीटर नसेल, तर टब ही पिंपासारखी वस्तू ठरते. आमच्याकडे शंभर लीटरचा सौर हीटर आहे, म्हणून निभावते.

माणदेशी
आमच्याकडे टँकरची वाट पाहण्यात उन्हाळा जातो. एका अंगाला दीडशे लीटर, हे वाचूनच भरून पावलो.

हळदबाजार
आपल्या दुःखाविषयी आदर आहे, पण मी टब महिन्यातून दोनदा भरतो. सकाळी अर्धा तास शॉवर सोडून उभे राहणाऱ्यांना हा प्रश्न विचारावा. आणि ताई, टबामागच्या फटीचा एवढा बाऊ कशाला? सफाईला बाई येतात, त्या बघून घेतात.

उंबरठा (इस्लामपूर)
हे शेवटचे वाक्य वाचून उत्तर देणे भाग आहे. माझ्या बहिणीच्या घरी असाच टब भिंतीपासून चार बोटांवर ठेवलेला आहे. तिथे पोछ्याची काठी आडवी जात नाही, हात कोपरापर्यंतच जातो, आणि आत साबणाचा थर, केसांचे गुंतवळ आणि एकदा पडलेली शांपूची पुडी दोन वर्षांपासून आहे. कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच महिन्यात स्पष्ट सांगितले की, ‘टबाच्या मागे मी जाणार नाही, माझे गुडघे गेले आहेत.’ त्यानंतर ती फट बहिणीच्या वाट्याला आली. मेहुण्यांच्या वाट्याला फक्त टब आला. आपण स्वतः एकदा तरी ती फट घासली आहे का?

हळदबाजार
हा प्रश्न व्यक्तिगत आहे.

उंबरठा
फटही व्यक्तिगतच असते.

हौसेचंमोल
क्षारांचे पाणी असेल, तर बाहेरच्या बाजूवरही पांढरे ओघळ सुकतात आणि ते काढायला लोक ॲसिड ओततात. त्याने अॅक्रिलिकची चकाकी जाते आणि बिडाच्या टबावरचे इनॅमलही खरबरीत होते. आमच्या बिडाच्या टबात पितळी तांब्या पडला, नखाएवढा टवका उडाला आणि वर्षभरात तिथे गंज धरला. ओघळ रोज फडक्याने पुसावे लागतात. कोणी पुसायचे, हा प्रश्न आमच्याकडेही मिटलेला नाही.

चुनाविटा
एवढाच वाद असेल, तर मागची बाजू सपाट असलेला, भिंतीला टेकणारा टब घ्यावा आणि सांधा सिलिकॉनने बंद करावा. तोही एका टोकाला उंच मिळतो.

हळदबाजार
तो मोकळा टबच नव्हे! चारी बाजूंनी दिसणे हीच त्याची शोभा आहे.

उंबरठा
सहा बाय आठमध्ये चारी बाजूंनी कोण बघणार आहे? सर्वांनी आळीपाळीने कमोडवर उभे राहायचे का?

गावभाग (सांगली)
तळमजल्यावर मोकळा टब ठेवणाऱ्यांसाठी एक अनुभव सांगतो. २०१९ च्या महापुरात आमच्या शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात छातीपर्यंत पाणी होते. अॅक्रिलिकचा रिकामा टब खालच्या पाइपाचे कोपर मोडून तरंगला आणि पाणी ओसरताना दारात आडवा अडकला. दार आत उघडणारे होते, म्हणून शेवटी कडीची बाजू करवतीने कापून आत शिरावे लागले. आत टबात गाळ आणि एक नारळ होता. टबाला मात्र ओरखडादेखील नव्हता.

हळदबाजार
म्हणजे टब टिकाऊ आहे, एवढे तरी सिद्ध झाले. बरे, ‘सहज’ हा शब्द मी मागे घेतो. उंबरठा यांचे समाधान व्हावे म्हणून काल फट घासली. वीस मिनिटे लागली आणि पाठ पुन्हा धरली, ती शेकण्यासाठी टब भरावा लागला.

उंबरठा
वीस मिनिटांत झाली असेल, तर नीट झालेली नाही.

जुनेघर (मिरज)
आमच्या घराचे नूतनीकरण चालू आहे आणि ज्यांनी ‘आम्हीही घेतोय’ लिहिले, त्यांत मीही होतो. कंदीपेढा ताईंचे वाचून मी चालू न्हाणीघराच्या फरशीवर खडूने १५० बाय ७५ चा आकार आखला आणि आठवडाभर कोणी त्यात पाय ठेवायचा नाही, असे घरात सांगितले. पहिल्या सकाळी आईने बादली आणि पाट त्या रेघांच्या बरोबर मध्यभागी मांडला, कारण उतार तिथेच आहे. वडिलांना कमोडवरून उठताना हात टेकायला भिंत लागते, ती रेघांच्या पलीकडे गेली. तिसऱ्या दिवशी खडू उरला नव्हता, कारण सगळ्यांनी आंघोळ तिथेच केली होती. फरशी यायची आहे, तोवर प्लंबरला थांबवले आहे.