‘फक्त चौकशीसाठी नेले’ म्हणजे अटक की नाही? झडती आणि जप्तीबाबतही विचारायचे आहे

साशंक:

माझ्या मावसभावाविरुद्ध त्याच्या जुन्या भागीदाराने फसवणुकीची फिर्याद दिली असून गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली नोंदवला गेला आहे. गेल्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास तीन पोलीस घरी आले. वॉरंट न दाखवता त्यांनी कपाट आणि टेबलाचे खण तपासले, लॅपटॉप आणि मोबाइल ताब्यात घेतले आणि ‘अटक नाही, फक्त चौकशी आहे’ असे सांगून त्याला ठाण्यात नेले. रात्रभर बाकावर बसवून ठेवून सकाळी त्याला सोडण्यात आले. आमच्या हाती एकही कागद नाही. आता मावशीलाही जबाब देण्यासाठी ठाण्यात यावे लागेल, असा निरोप आला आहे. यातले काय कायद्याला धरून आहे आणि काय नाही, हे जाणकारांनी सांगावे.

निर्भीड:

वॉरंट नसताना दार उघडलेच कशाला? अशी झडती मुळातच बेकायदा असल्यामुळे त्यात सापडलेली एकही वस्तू न्यायालयात टिकणार नाही. पुढच्या वेळी कडी लावून आत बसावे.

जुनी वहिवाट:

निर्भीड यांचा सल्ला कोणीही अमलात आणू नये, हे आधी सांगतो. मी फौजदारी न्यायालयांत वकिली करतो आणि या गैरसमजापायी मूळ गुन्ह्यावर सरकारी कामात अडथळा आणल्याचा दुसरा गुन्हा ओढवून घेतलेले पक्षकार मी पाहिले आहेत.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम १८५ नुसार तपासी अधिकारी वॉरंटशिवायही घराची झडती घेऊ शकतो. मात्र तपासाला आवश्यक असलेली वस्तू तेथे सापडेल आणि अन्य मार्गाने ती विनाविलंब मिळणार नाही, असे मानण्यास वाजवी कारण असले पाहिजे, आणि ते कारण व शक्यतो ती वस्तू कोणती हे त्याने झडतीपूर्वी लिहून ठेवले पाहिजे. त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे गेली पाहिजे आणि घरमालकाने अर्ज केल्यास दंडाधिकाऱ्याने ती त्याला विनामूल्य दिली पाहिजे. हा अर्ज फारसे कोणी करत नाही. वास्तविक झडतीनंतर करण्यासारखे पहिले काम तेच आहे, कारण नोंद झालीच नसेल तर ते तिथल्या तिथे उघड होते.

कलम १०३ प्रमाणे झडतीच्या वेळी त्या भागातील किमान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच हवेत, जप्त वस्तूंची यादी जागेवरच तयार होऊन तिच्यावर पंचांच्या सह्या व्हायला हव्यात, आणि घरातील व्यक्तीला झडतीला हजर राहू देऊन यादीची प्रत दिली पाहिजे. नव्या संहितेने यात कलम १०५ ची महत्त्वाची भर घातली आहे. झडती आणि जप्ती, यादी तयार करणे आणि तिच्यावर सह्या घेणे या सगळ्याचे दृकश्राव्य चित्रण आता बंधनकारक असून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवावे लागते. आपल्या घरी कोणी चित्रण करत होते का, हे मावशींना विचारून लिहून ठेवावे.

मात्र झडतीत त्रुटी राहिली म्हणून पुरावा आपोआप बाद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली पूरणमल प्रकरणात असे ठरवले की, घटनेने किंवा कायद्याने स्पष्ट मनाई केलेली नसेल, तर केवळ झडती बेकायदा होती एवढ्यावरून त्यात मिळालेला संबंधित पुरावा वगळता येत नाही. अमली पदार्थांच्या कायद्याखालील अंगझडतीसाठी नियम अधिक कडक आहेत, पण तो इथला विषय नाही. त्रुटींचा उपयोग होतो तो जप्तीची विश्वासार्हता आणि पंचांची साक्ष तपासताना, आणि तोही त्या त्रुटी वेळीच लेखी नोंदवलेल्या असतील तरच.

निवृत्त ठाणे अंमलदार:

झडतीबद्दल वर नीट लिहिले गेले आहे. मी ‘चौकशी’ या शब्दाबद्दल लिहितो, कारण नोकरीच्या काळात तो मीही सर्रास वापरला आहे. ज्या माणसाला बसवून ठेवायचे आहे, पण ज्याचा कागद करायचा नाही, त्याच्यासाठी हा शब्द फार सोयीचा पडतो. तपासात ज्याला ठाण्यात बोलावले जाते तो एकतर साक्षीदार असतो, किंवा कलम ३५(३) ची, म्हणजे अटकेऐवजी हजर राहण्याची, नोटीस मिळालेला संशयित, किंवा अटक केलेला आरोपी. यांपैकी काहीच नसलेल्या माणसाला उठून घरी जाण्याची मोकळीक असते. ती नसेल, तर कागदावर काहीही लिहिलेले असो, ती अटकच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्ये सीमाशुल्क विभागाच्या एका प्रकरणात स्पष्ट म्हटले होते की, अटक सुरू होते ती स्वातंत्र्यावर बंधन आले त्या क्षणी. अधिकाऱ्याने नोंदवलेल्या वेळेवर ते अवलंबून नाही. दंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्यासाठी घटनेच्या अनुच्छेद २२ ने दिलेले २४ तास त्याच क्षणापासून मोजायचे.

आता या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अशा गुन्ह्यात ऊठसूट अटक करता येत नाही. आरोपी पुन्हा गुन्हा करेल, पुरावा नष्ट करेल, साक्षीदारांवर दबाव आणेल, न्यायालयात हजर राहणार नाही किंवा अटकेशिवाय तपास नीट होणार नाही, यांपैकी निदान एखादे कारण लेखी द्यावे लागते. अटक न करण्याचे कारणही लिहावे लागते. २०१४ च्या अर्णेश कुमार निकालाने हे न पाळणाऱ्या अधिकाऱ्याला खातेनिहाय कारवाई आणि न्यायालयाचा अवमान या दोन्हींचा धाक घातला, तेव्हापासून नोटिसा खऱ्या अर्थाने बजावल्या जाऊ लागल्या. नोटीस आली तर भावाने न चुकता हजर राहावे. नोटिशीचे पालन होत असेपर्यंत, लेखी कारणांशिवाय त्याच गुन्ह्यात अटक करता येत नाही. ती नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आहे.

मावशींनी ठाण्यात जाण्याचे कारण नाही. कलम १७९ नुसार महिला साक्षीदाराला तिच्या राहत्या जागेखेरीज अन्यत्र हजर राहण्यास सांगता येत नाही. स्वेच्छेने जाणे वेगळे.

जुनी वहिवाट:

अंमलदार साहेबांनी खात्यात राहूनही हे कबूल केले, याचा आनंद वाटला. एक भर घालतो. उद्या खरोखर अटक झालीच, तर अटकेची कारणे आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी मिळाली पाहिजेत. नोव्हेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम सर्व गुन्ह्यांना लागू केला आणि तातडीच्या प्रसंगी तोंडी सांगितले असले, तरी रिमांडसाठी हजर करण्यापूर्वी किमान दोन तास आधी ती लेखी द्यावीत असे ठरवले. अटकेच्या मेमोवर घरच्या माणसाची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ देते, मात्र वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही.

साशंक:

सर्वांचे आभार. वकिलांमार्फत पत्र दिल्यावर नोटीस रीतसर हाती मिळाली आणि पंचनाम्याची प्रतही मिळाली. परंतु तिच्यावर झडतीची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजताची आहे आणि दोन्ही पंच आमच्या परिसरातले नाहीत. त्या रात्री भाऊ ठाण्यात होता, हे आता सिद्ध कसे करायचे?

निवृत्त ठाणे अंमलदार:

ठाण्यातील सीसीटीव्हीवरून. डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालानुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे हवेत आणि चित्रीकरण शक्यतो १८ महिने, किमान एक वर्ष जपून ठेवायचे आहे. त्या रात्री नऊपासून सकाळपर्यंतचे चित्रीकरण पुसू नये, असा अर्ज ठाण्यात देऊन पोच घ्यावी आणि त्याची प्रत दंडाधिकाऱ्यांकडे द्यावी. ठाणे दैनंदिनीतील त्या रात्रीच्या नोंदींचाही उल्लेख त्याच अर्जात करावा. आपल्या इमारतीत कॅमेरा असेल, तर तेथे मात्र आजच जावे. खासगी चित्रीकरण फार दिवस राहत नाही.