खासी आणि कार्बी
वस्तू मनातल्या मनात फिरवून जोडणं बायकांना उपजतच कमी जमतं, असं तुम्ही म्हणता. मग ईशान्येकडच्या खासी आणि कार्बी गावांचं काय करायचं? दोन्ही समाज शेजारी राहतात. पण खासींत वारसा धाकट्या मुलीकडे जातो, कार्बींत मुलाकडे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्हीकडच्या मिळून जवळपास १३०० जणांना एक जुळवाजुळवीचं कोडं सोडवायला दिलं होतं. कार्बी बायकांना पुरुषांपेक्षा बराच जास्त वेळ लागला. खासींत तो फरक दिसलाच नाही! यातला साधारण एक तृतीयांश परिणाम निव्वळ शिक्षणातल्या तफावतीचा निघाला. उरलेला दोन तृतीयांश कशाचा, यावर खुशाल भांडूया.