आंरिएत रेनिए यांच्या चरित्रातले दावे कसे तपासायचे?

नोंदवही
फ्रेंच हार्पवादक आणि शिक्षिका आंरिएत रेनिए (१८७५–१९५६) यांच्यावरचा मराठी लेख दुरुस्त करतोय. चार ठिकाणी अडलोय: ‘वयाच्या बाराव्या वर्षी पॅरिस कॉन्झर्व्हेटरीत पहिल्या आल्या’, ‘पुढे तिथेच प्राध्यापक’, ‘मार्सेल ग्रांजानी हे त्यांचे तिथले विद्यार्थी’, ‘देब्युसीच्या दोन नृत्यांचं पहिलं वादन त्यांचं’. (कॉन्झर्व्हेटरी म्हणजे तिथलं संगीत विद्यालय; ग्रांजानी हार्पवादक, देब्युसी संगीतकार.) इंग्रजी संकेतस्थळं एकमेकांचं उतरवून घेतात, त्यामुळे तीन जागी तेच दिसूनही भरवसा वाटेना.

पंचांगवाला
जन्म १८ सप्टेंबर १८७५, पारितोषिक १८८७ चं. स्पर्धा व्हायच्या जुलैच्या सुमारास, म्हणजे अकरा पूर्ण, बारावं चालू. मराठीत ‘बाराव्या वर्षी’ काटेकोर अर्थाने बरोबरच, पण वाचणारा ‘बारा वर्षांची’ असंच समजतो. ‘अकरा वर्षांची असताना’ लिहा.

‘पहिल्या आल्या’ मात्र काढाच. ‘प्रमिए प्री’ ही श्रेणी आहे, क्रमांक नव्हे. एका वर्षी ती दोघांना मिळायची, कधी कुणालाच नाही. ‘प्रथम श्रेणीचं पारितोषिक’ म्हणा.

निकाल ‘ल मेनेस्ट्रेल’ या साप्ताहिकात सापडतात, गालिका या फ्रेंच राष्ट्रीय ग्रंथालयाच्या डिजिटल साठ्यात. नुसतं आडनाव शोधून थांबू नका: जुन्या छपाईवरून यंत्राने वाचलेल्या मजकुरात शेवटचं स्वरचिन्ह असलेलं अक्षर (Renié मधलं é) हमखास बिघडतं आणि शोध रिकामा येतो. जुलै-ऑगस्टचे अंक उघडून पानांच्या प्रतिमांवर हार्पचा रकाना डोळ्यांनी पाहा.

तारांचा_हिशेब
प्राध्यापकपदासाठी खुर्ची कुणाकडे होती ते लावून बघा. हार्पचा वर्ग १८८४ ते १९१२ आल्फोन्स हासेलमान्स यांच्याकडे, तिथून १९४८ पर्यंत मार्सेल तुर्निए यांच्याकडे. मधे जागाच नाही. रेनिए खासगी शिकवण्या घ्यायच्या.

ग्रांजानींचा घोळही यातूनच होतो. १९०५ मध्ये, तेरा वर्षांचे असताना त्यांना प्रथम श्रेणी मिळाली, तेव्हा वर्ग हासेलमान्सचा. निकालपत्रात वर्गशिक्षकाचं नाव छापतात, घरी शिकवणाऱ्याचं नाही. म्हणून ‘रेनिएंकडे शिकले’ ठेवा, ‘तिथले’ खोडा.

पेडलपाशी
चौथ्याचा निकाल वाद्यच लावतं. देब्युसींनी ती नृत्यं १९०४ मध्ये प्लेएल कंपनीच्या सांगण्यावरून क्रोमॅटिक हार्पसाठी लिहिली: पेडल नाहीत, तारांच्या दोन रांगा एकमेकींना छेदणाऱ्या. त्याच नोव्हेंबरातलं पहिलं वादन ल्युसिल व्युर्म्सर-देलकूर यांचं. रेनिए सात पेडलांच्या, म्हणजे पायाने तारांचे सूर बदलायच्या हार्पच्या. ती रचना पुढे पेडल हार्पवरही वाजू लागली. नकलताना ‘पेडल हार्पवर’ एवढे दोन शब्द गळाले की झाला खोटा दावा.

संगीतकार रावेलच्या ‘इंट्रोडक्शन आणि अलेग्रो’ या रचनेशी गल्लत नको. ती प्रतिस्पर्धी एरार कंपनीने पेडल हार्पसाठी मागवलेली, १९०५ ची. १९०७ मध्ये मिशलिन कान यांनी ती पहिल्यांदा वाजवली.

आणि हो, लेखात कुठे ‘वीणा’ असेल तर ‘हार्प’ करा. समुद्रगुप्ताच्या नाण्यावरची वीणा हार्पच्याच जातीची, हे खरं. पण आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे दोन भोपळे येतात.

नोंदवही
वीणा दोनदा होती. काढली. आता जुलै १८८७ चे अंक चाळतो.