गाडीत दोन अँप (अँप्लिफायर), पुढे एकच फ्यूज: पुरेल का?

राजवाडेकर: हॅचबॅकमध्ये चार चॅनलचा अँप आहेच, आता सबवूफरसाठी मोनो (एका चॅनलचा) अँप घालतोय. इंदूरच्या सियागंजातला ऑडिओवाला म्हणतो, बॅटरीपासून डिकीपर्यंत 4 गेजची एकच वायर, पुढे 100 अँपिअरचा फ्यूज, डिकीत दोन्ही अँपना 8 गेजचे, म्हणजे त्याहून बारीक, फाटे. फाट्यांना फ्यूज नको, अँपवर कंपनीचे असतातच. मला हे पटत नाही. फ्यूज वायरला वाचवायला असतो. अँपवरचा फ्यूज वायरच्या टोकाला; मागची सीट पाडताना फाटा बिजागरीत चिरडला तर त्याला पत्ताही लागणार नाही.

सुदामानगरवाला: भिया, फाटा तो केवढा, हातभर! बॉडीला टेकला तर 100 चा फ्यूज उडेलच. उलट प्रत्येक होल्डर म्हणजे आणखी दोन स्क्रू, दोन जोड. जोड ढिला झाला की तिथेच तापतं. वितळलेले होल्डर मी पाहिलेत, जळालेला फाटा एकही नाही.

राजवाडेकर: थेट शॉर्टचं मान्य. भीती अर्धवट शॉर्टची आहे. इन्सुलेशन घासून वायर जेमतेम टेकते, 80-90 अँपिअर वाहतात. 100 चा फ्यूज ते निमूट सोसतो, 8 गेज तांब्याची कुवत मात्र साधारण 50-60. तीही तांबं खरं असेल तर! एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे कुवत आणखी कमी.

पलासियाकर: फाटेही 4 गेजचेच टाका की. मुख्य फ्यूजच त्यांनाही सांभाळेल, वाद खलास.

राजवाडेकर: काका, चार चॅनलच्या टर्मिनलमध्ये 4 गेज शिरत नाही. मग मिस्त्री कटरने कडेच्या तारा छाटून उरलेल्या कोंबतो. पैसे जाड वायरचे, टोक बारीक.

सुदामानगरवाला: पण एवढा करंट लागतो कुणाला? रंगपंचमीच्या गेरेत (मिरवणुकीत) गाडी उतरवायची आहे का?

राजवाडेकर: हिशेब घ्या. चार चॅनल 300 वॅट, क्लास एबी प्रकारचा, कार्यक्षमता 60 टक्के धरली तर 13.8 व्होल्टवर 36 अँपिअर. मोनो 500 वॅट, क्लास डी, 80 टक्के धरून 45. गाण्यात हे सतत लागत नाही, कबूल. म्हणून फाट्यांना 40 आणि 50 चे फ्यूज पुरतात, विनाकारण उडणारही नाहीत.

पलासियाकर: ते असू दे. तो 100 चा फ्यूज ‘पुढे’ म्हणजे नक्की कुठे?

राजवाडेकर: डॅशबोर्डखाली. बदलायला सोपा पडतो म्हणे.

पलासियाकर: अरे बाबा! म्हणजे बॉनेटखालची सगळी वायर उघडीच. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या आडपडद्याच्या, पत्र्याच्या धारेवर ती घासली तर बॅटरी आणि शॉर्ट यांच्यामध्ये काहीच नाही. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून दीड फुटाच्या आत हवा आणि पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (कडी). तुम्ही दोघं डिकीत भांडत बसलात.

सुदामानगरवाला: हे शंभर टक्के बरोबर, तो आधी हलव. फाट्यांबद्दल मी अजून तिथेच आहे. पण घालायचेच असतील तर काचेच्या नळीवाले एजीयू घेऊ नकोस, त्यांची पकड लवकर सैल होते. मिनी एएनएल घे, स्क्रूने आवळायचे पट्टीवाले. अर्थिंग दोन्ही अँपची एकाच जागी, रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर, वायर पॉझिटिव्हएवढीच जाड. आणि काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह आधी काढायला लाव, बरेच जण तसंच रेटतात.